‘चॅलेंज व्होट’ आणि 14 टक्क्यांचा मेसेज

निवडणूक आली की सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज फिरतो: यादीत नाव नसेल तर आधार दाखवा, ‘कलम 49अ’खाली ‘चॅलेंज व्होट’ मागा, टेंडर मते 14 टक्क्यांवर गेली की फेरमतदान.

यादीत नाव नसेल तर मत देता येत नाही, ओळखपत्र कोणतेही असो. निवडणूक संचालन नियम, 1961 मधला 49अ मतदानयंत्राच्या रचनेबद्दल आहे. चॅलेंज मतदार करत नाही. त्याच्या ओळखीवर उमेदवाराचा प्रतिनिधी 2 रुपये भरून आक्षेप घेतो.

टेंडर मत मात्र खरे आहे. तुमच्या नावावर आधीच कोणी मत दिले असेल, तर ओळख पटवून नमुना 17ब वर सही करायची, मतपत्रिका मिळते. ती यंत्रात जात नाही, पाकिटात वेगळी राहते. नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत, पण निकालाला आव्हान दिल्यास न्यायालय विचारात घेऊ शकते. 14 टक्क्यांची अट नियमांत कुठेच नाही. नियम 49पी उघडून बघा.

नाव आधीच तपासा: 1950 वर फोन करा. नवीन नोंदणीला नमुना 6, पत्ता बदलल्यास 8. कोथरूडहून हडपसरला गेलात तर लोकसभा मतदारसंघही बदलतो, पुण्याऐवजी शिरूर.