टोपल्यांनी रचलेलं टेकाड

मिसिसिपी नदीच्या काठी, अमेरिकेतल्या सेंट लुईसजवळ कहोकिया नावाचं प्राचीन शहर आहे. तिथलं सर्वांत मोठं मातीचं टेकाड सुमारे 30 मीटर उंच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याच्या आसपास काही फ्रेंच मठवासी जेमतेम चार वर्षं राहिले, म्हणून त्याचं नाव पडलं 'मंक्स माउंड', साधूंचं टेकाड! ज्यांनी ते रचलं, त्यांचं नाव त्याला लागलं नाही.

टेकाडाचा उभा छेद घेतला की मातीत ठिगळं दिसतात. काळ्या चिकणमातीला लागून पिवळसर गाळ, मग पुन्हा काळी माती. एकेक ठिगळ म्हणजे कुणीतरी वाहून आणून रिकामी केलेली एकेक टोपली. ना बैल, ना गाडी. इ.स. 1100 च्या सुमारास इथे दहा हजारांहून अधिक लोक राहत असावेत.

गोऱ्या वसाहतकारांना हे पटत नव्हतं. टेकाडं बांधणारे कुणी वेगळेच, लुप्त झालेले लोक होते, असं ते सांगत. कुणी व्हायकिंग म्हणे, कुणी इस्राएलच्या हरवलेल्या जमाती. 1830 मध्ये मूळ रहिवाशांना हुसकावण्याचा कायदा झाला आणि त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष जॅक्सन यांनी काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, सांगितलं, की ही स्मारकं नामशेष झालेल्या एका बलाढ्य वंशाची आहेत. हा मला निव्वळ अज्ञानाचा प्रकार वाटत नाही. सोळाव्या शतकातल्या डी सोटो या स्पॅनिश मोहीमकाराच्या नोंदींत स्थानिक सरदारांची घरं अशाच टेकाडांवर असल्याचं लिहून ठेवलेलं होतं. पण जमीन घ्यायची असेल, तर तिचे वारस नसलेलेच बरे. अखेर 1894 मध्ये सायरस थॉमस या अमेरिकी संशोधकाच्या अहवालाने ही टेकाडं मूळ रहिवाशांच्या पूर्वजांचीच असल्याचं दाखवून दिलं.

मग दुसरी गोष्ट रुजली: 1400 च्या सुमारास शहर ओस पडलं आणि पुढे तिथे कुणीच नव्हतं. तिचं उत्तर शेजारच्या हॉर्सशू तळ्याच्या गाळात सापडलं. माणसाच्या आतड्यातले जीवाणू कोलेस्टेरॉलपासून कोप्रोस्टॅनॉल बनवतात. मैल्यातला हा रेणू पावसाच्या पाण्याबरोबर तळ्यात जातो आणि गाळात थरांनी साठतो. त्याचं प्रमाण वाढलं, तर वस्ती वाढली असं समजायचं. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की 1500 नंतर हे प्रमाण पुन्हा चढतं आणि साधारण 1700 पर्यंत टिकतं. माणसं परतली होती.

सेंट लुईसमधली टेकाडं मात्र शहर वाढताना सपाट झाली. तिथे उरलेलं शेवटचं टेकाड म्हणजे शुगरलोफ. त्याचा एक भाग 2009 मध्ये ओसेज या मूळ रहिवासी जमातीच्या लोकांनी विकत घेतला. पूर्वजांची माती, पैसे मोजून.