शिंगरांवरून बापाची पारख

'खाण तशी माती' असं आपण सहज म्हणून जातो. घोड्यांची पैदास करणाऱ्याला मात्र ही म्हण उलटी वाचावी लागते. खाण समोरच उभी असते, देखणी, तुकतुकीत, मान कमानदार. पण ती कसली आहे हे तिच्यातली माती हाती आल्यावरच कळतं. शो जंपिंग (अडथळ्यांवरून उड्या), ड्रेसाज (शिकवलेल्या चाली) किंवा इव्हेंटिंग (या दोन्हींसह रानातली दौड) या खेळांसाठी पैदाशीचा घोडा निवडताना तो स्वतः किती उंच उडतो हे पाहतातच. खरा प्रश्न असतो तो त्याची शिंगरं कशी निघतात हा.

या प्रश्नाचं उत्तर फार उशिरा मिळतं. घोडा तिसऱ्या वर्षी पैदाशीला लागला असं धरू. घोडी अकरा महिने गाभण राहते. शिंगरू तीन वर्षांचं झालं की पाठीवर माणूस घेतं, चार-पाच वर्षांचं झालं की लहान स्पर्धांत उतरतं आणि मोठ्या मैदानात नाव काढायला त्याला आठ-दहा वर्षं लागतात. तोवर बापाची बारा-चौदा वर्षं उलटलेली असतात. संततीवरून बापाची पारख करणं म्हणजे संतती चाचणी. तिचा सगळा इतिहास म्हणजे ही वाट कमी कशी करायची आणि ती करताना निवाडा खोटा कसा पडू द्यायचा नाही, याची धडपड आहे.

कल्पना फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात रोमन लेखक व्हॅरो याने चांगला मेंढा ओळखायची एक खूण सांगितली होती: त्याची कोकरं देखणी निघतात का ते पाहा. अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या डिशले गावच्या रॉबर्ट बेकवेलने या जाणतेपणाला पद्धतीचं रूप दिलं. तो आपले मेंढे विकत नसे, एका हंगामासाठी भाड्याने देई. मेंढा दुसऱ्याच्या कळपात गेला की तिथली कोकरं पाहता येत. ज्याची कोकरं अनेक ठिकाणी, वेगवेगळ्या माद्यांपासूनही चांगली निघाली, तो पुन्हा आपल्या कळपासाठी वापरायचा. वेगवेगळ्या माद्या आणि वेगवेगळी शेतं हीच यातली शहाणपणाची बाब होती. एकाच गोठ्यातली संतती पाहिली तर बापाचं श्रेय कुठे संपतं आणि चाऱ्याचं कुठे सुरू होतं, ते कळत नाही.

शर्यतीच्या घोड्यांत त्याच काळात दुसरं माप चाललं होतं: बक्षिसाची रक्कम. ज्याच्या संततीने जास्त जिंकलं तो मोठा बाप. या मापाने १७५८ साली जन्मलेला हेरॉड सलग आठ वर्षं अव्वल राहिला. १७६४ साली जन्मलेला एक्लिप्स स्वतः कधीच हरला नव्हता, तरी तो बापांच्या यादीत एकदाही पहिला आला नाही. आज मात्र जगातल्या बहुतेक थरोब्रेड (शर्यतीच्या खास जातीच्या) घोड्यांची बापाकडची रेघ एक्लिप्सलाच जाऊन मिळते. हेरॉडच्या लेकी फार मोलाच्या ठरल्या, पण बापाकडची रेघ दुसऱ्याची टिकली. दोघांपैकी मोठा कोण, याचं उत्तर आपण किती पिढ्या थांबायला तयार आहोत त्यावर अवलंबून आहे.

आजच्या क्रीडा घोड्यांचं मूळ मात्र शर्यतीत कमी आणि राजांच्या अश्वशाळांत जास्त आहे. स्वीडनमधली फ्लिंगे १६६१ ची. फ्रान्समध्ये राजाचा मंत्री कोलबेर याने १६६५ मध्ये सरकारी घोडे-पैदाशीची व्यवस्था उभी केली. प्रशियातली ट्राकेनेन १७३२ ची, तर हॅनोव्हरमधली सेल १७३५ ची. सैन्याला स्वारीचे घोडे हवेत आणि शेतकऱ्याला नांगराचे, हा त्यामागचा व्यवहार. सेलसारख्या ठिकाणचे घोडे वसंतात गावोगावच्या ठाण्यांवर पाठवले जात आणि शेतकरी आपल्या घोड्या तिथे आणत. पुढच्या वर्षी तीच घोडी शिंगरू घेऊन आली की ठाण्यावरच्या माणसाला कळे, गेल्या सालच्या घोड्याने काय दिलं. संगणक नव्हता, पण पंचवीस-तीस वर्षं एकाच टापूत शिंगरं पाहिलेली माणसं होती. त्यांची आठवण हीच नोंदवही. माझ्या मते आजच्या पद्धतींनी या माणसांचं ऋण पुरतं मानलेलं नाही.

त्यांच्या पारखीलाही मर्यादा होत्या. शिंगरू दिसायला कसं आहे हे लगेच दिसतं, पण ते काम कसं करील हे दिसत नाही. म्हणून १९२६ मध्ये ट्राकेनेनच्या घोड्यांसाठी झ्वियन इथे आणि १९२८ मध्ये हॅनोव्हरसाठी वेस्टरसेले इथे तरुण घोड्यांच्या कामगिरीची चाचणी सुरू झाली. घोडा सुमारे अकरा महिने ठाण्यावर ठेवून त्याला ओढकामाला जुंपत, स्वारीखाली पाहत, स्वभाव आणि खाणं-पिणं तपासत. पुढे ही मुदत शंभर दिवसांवर आणि मग सत्तर दिवसांवर आली. पद्धत चांगली होती, पण ती मोजत होती घोड्याला स्वतःला, त्याच्या शिंगरांना नव्हे.

दुसऱ्या महायुद्धानंतर ट्रॅक्टर आला, घोडदळ गेलं आणि या घोड्यांवर बेकारीची पाळी आली. खेळाने त्यांना वाचवलं. पण जड हाडाच्या शेतीच्या घोड्यातून उडणारा, चपळ घोडा घडवायचा तर बाहेरचं रक्त लागणार होतं. उत्तर जर्मनीतल्या होल्श्टाइनमध्ये इंग्लिश थरोब्रेड लेडीकिलर आला. १९६८ साली फ्रान्समध्ये जन्मलेला कोर द ला ब्रिएर १९७१ मध्ये होल्श्टाइनलाच पोहोचला. लेडीकिलरचा मुलगा लँडग्राफ पहिला (जन्म १९६६) उंची आणि ताकद देई, कोर द ला ब्रिएर पाठीची कमान आणि पुढच्या पायांची घडी देई. एकाच्या लेकी दुसऱ्याला दिल्या की हवं ते मिळतं, हे शिंगरांनीच दाखवून दिलं. त्या काळात आणलेले कितीतरी उंची वंशावळीचे थरोब्रेड काहीच मागे न ठेवता विसरले गेले. कागदावर ते कमी नव्हते, त्यांची शिंगरं कमी पडली.

इथे गाईंकडे वळणं भाग आहे, कारण हिशेब तिकडून आला. सांड दूध देत नाही. त्यामुळे दुधाचा सांड निवडायला त्याच्या मुलींचं दूध मोजण्यावाचून गत्यंतर नव्हतं. म्हणूनच संतती चाचणी दुग्धव्यवसायात सगळ्यांत आधी पक्की झाली. घोडेवाल्यांपुढे मोह होता. त्यांचा नर स्वतः मैदानात उतरतो, जिंकतो, टाळ्या घेतो, आणि त्याच टाळ्यांवर भरवसा ठेवावासा वाटतो. १९५६ ची ऑलिंपिक विजेती घोडी हाला आठ शिंगरांची आई झाली. त्यांतलं एकही तिच्या जवळपास पोहोचलं नाही. नर असो वा मादी, स्वतःचं कर्तृत्व आणि पुढे दिलेला वारसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

किती वेगळ्या, ते आकड्यात सांगता येतं. अमेरिकेत आयोवा इथे पशुपैदाशीचे अभ्यासक जे. एल. लश यांनी आणि नंतर कॉर्नेलच्या चार्ल्स हेंडरसन यांनी याचं गणित बांधलं. एखाद्या गुणातल्या फरकाचा किती भाग वारशाने येतो, याला आनुवंशिकतेचा अंश म्हणतात. उंचीत तो मोठा असतो, तरुण घोड्याच्या चालीत मध्यम. स्पर्धेच्या निकालात तो फार लहान, साधारण दहा टक्क्यांच्या आसपास, कारण निकालात स्वार, मालकाचा खिसा, मैदान आणि नशीब सगळंच मिसळलेलं असतं. हा अंश ०.१ धरला तर घोड्याच्या स्वतःच्या एका नोंदीवरून केलेल्या अंदाजाची अचूकता सुमारे ०.३२ येते (अगदी बिनचूक अंदाज म्हणजे १). वीस शिंगरांच्या नोंदी घेतल्या तर ती ०.५८ होते आणि शंभर घेतल्या तर ०.८५. पाच शिंगरांच्या एकेका नोंदीतूनच बापाच्या स्वतःच्या नोंदीपेक्षा जास्त कळतं.

पण शिंगरांची नुसती सरासरी काढून भागत नाही. गाजलेल्या घोड्याकडे गाजलेल्या घोड्या येतात, त्यांची शिंगरं श्रीमंत मालकांकडे जातात आणि नामांकित स्वारांखाली उडतात. मग बाप मोठा की घोडी, की स्वार? हेंडरसन यांनी १९४९ पासून घडवत नेलेल्या पद्धतीने, जिला आज सगळे ब्लप म्हणतात, हे धागे एकाच वेळी सोडवायची सोय केली. वंशावळीतला प्रत्येक नातलग, प्रत्येक घोडी आणि चाचणीचं प्रत्येक ठिकाण एकाच समीकरण-संचात बसवायचं. चांगल्या माद्यांमुळे फुगलेला बाप तिथे खाली येतो आणि सामान्य माद्यांतून बरं काढणारा वर जातो. १९८० च्या दशकात ही पद्धत युरोपातल्या घोड्यांत रुजली. जर्मनीत हा निर्देशांक १०० च्या सरासरीवर मांडतात आणि २० चा फरक म्हणजे एक प्रमाण विचलन, म्हणजे घोडे सरासरीपासून साधारण किती विखुरलेले आहेत त्याचं माप. १२० चा घोडा पाहून कुणी 'वीस टक्के चांगला' म्हणालं, तर ते चूक आहे. तो फक्त सरासरीच्या एक पायरी वर आहे, आणि नोंदी थोड्या असतील तर ती पायरीही अजून ओली आहे.

गणिताला मात्र न गाळलेल्या नोंदी लागतात. स्पर्धेत पोहोचतात ते आधीच निवडलेले घोडे. ज्यांच्यात काही नव्हतं ते घरीच राहतात आणि हिशेबातून गळतात. स्वीडिश लोकांनी १९७३ मध्ये चार वर्षांच्या घोड्यांची गुणवत्ता चाचणी सुरू केली ती या दृष्टीने मला सगळ्यांत समजदार वाटते. इथे घोडा अजून फारसा घडवलेला नसतो, म्हणून घडवणाऱ्याचं श्रेयही कमी मिसळतं. बांधा, चाली, उडी आणि तब्येत एकाच दिवशी पाहतात. स्वाराशिवाय मोकळं सोडलेलं घोडं अडथळ्याकडे येतं तेव्हा लगाम कुणाच्याच हातात नसतो. ते किती लांबून झेप घेतं, पुढचे पाय छातीशी दुमडतं की लोंबते ठेवतं, पाठ वर उचलतं की सपाट ठेवतं, हे सगळं त्याचं स्वतःचं असतं.

पुढची मोठी पायरी नेदरलँड्समध्ये पडली. केडब्ल्यूपीएन या घोडे-पैदाशीच्या डच संस्थेने १९८९ मध्ये गुण देण्याऐवजी वर्णन करण्याची पद्धत आणली. ही कल्पनाही गाईंकडूनच आलेली. जुन्या रिवाजात परीक्षक मानेला आठ किंवा सहा गुण देई. मानेचं नेमकं काय आवडलं नाही ते त्याच्या मनातच राही. नव्या कागदावर एक पट्टी असते. तिच्या एका टोकाला 'मान खालून निघते', दुसऱ्या टोकाला 'मान वरून निघते' आणि मधे जातीची सरासरी. परीक्षकाने चांगलं-वाईट ठरवायचं नाही, शिंगरू पट्टीवर कुठे आहे एवढीच खूण करायची. खाली दुसरी पट्टी मागच्या पायाच्या कोनाची, सरळ ते वाकडा. मग पुढच्या पायाची, पावलाच्या लांबीची, उडीत पाय दुमडण्याच्या वेगाची.

एका घोड्याची पहिल्या सालची वीस-पंचवीस शिंगरं अशी तपासली की कागदांवरच्या खुणा एका बाजूला झुकू लागतात. घोड्या निरनिराळ्या असूनही बहुतेकांची मान उंच, बहुतेकांचा मागचा पाय सरळ. तिथे बाप दिसू लागतो. घोडीवाल्याला हेच हवं असतं. त्याची घोडी सरळ पायाची असेल तर 'उत्तम' शिक्का असलेलाही हा घोडा त्याने टाळलेला बरा. तिचा पाय जास्त वाकडा असेल तर हाच घोडा तिला शोभेल. एका आकड्याला हे सांगता येत नाही. गुणांच्या बेरजेपेक्षा हा पट्ट्यांचा कागद मला कितीतरी प्रामाणिक वाटतो.

दरम्यान, गोठवलेल्या वीर्याने सगळी घाई वाढवली. पूर्वी घोडा ठाण्यावर एका हंगामात मोजक्याच घोड्या फळवी. आता त्याचं वीर्य समुद्रापार जातं आणि पहिल्याच वर्षी शेकडो शिंगरं होऊ शकतात, तीही बापाबद्दल काही कळायच्या आत. चूक झाली तर तीही शेकडो पटींनी. देशोदेशीच्या निर्देशांकांची मापं जुळत नसल्याने १९९८ मध्ये इंटरस्टॅलियन हा आंतरराष्ट्रीय गट बसला. २००९ मध्ये घोड्याचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. पीएलओडी१ जनुकातल्या दोषाने येणाऱ्या आणि शिंगरू जगू न देणाऱ्या त्वचारोगासाठी आता केसांच्या मुळावरून चाचणी होते. नर आणि मादी दोघंही वाहक असतील, तर जोडी टाळता येते. एका जनुकाचा प्रश्न असा सुटतो. उडीसारखा गुण असंख्य जनुकांनी मिळून घडतो. तिथे जनुक चाचणीतून अंदाज काढायलाही आधी मोजलेल्या हजारो घोड्यांच्या नोंदी लागतात, म्हणजे पुन्हा पट्टी आणि पेन्सिल घेऊन उभा असलेला माणूस.

चाको-ब्लू हा घोडा १९९८ साली जन्मला आणि २०१२ मध्ये, चौदाव्या वर्षी, गेला. त्याच्या पहिल्या शिंगरांचा खरा जोर तेव्हा नुकताच दिसू लागला होता. शो जंपिंगच्या बापांच्या जागतिक क्रमवारीत तो पहिला आला तो मेल्यानंतर. त्याचा मुलगा एक्स्प्लोजन डब्ल्यू २००९ चा. २०२१ मध्ये, टोकियो ऑलिंपिकमध्ये, ब्रिटनच्या बेन माहेरने त्याच्यावर बसून वैयक्तिक सुवर्ण जिंकलं. त्या दिवशी बापाला जाऊन नऊ वर्षं झाली होती. आणि एक्स्प्लोजनच्या आईचा बाप होता बालूबे दू रुए, तीन वेळा वर्ल्ड कप फायनल आणि अथेन्सचं सुवर्ण मिळवलेला. त्या उडीतलं किती चाको-ब्लूचं आणि किती आईकडून आलेलं, हे त्या एका मुलावरून सांगता येत नाही. त्यासाठी त्याची बाकीची भावंडं मोजावी लागतात.