चाप ओढला तर आणि तरच

1980 च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या लष्कराने नव्या पिस्तुलासाठी अटींची एक यादी काढली. त्यातली एक अट अशी होती: पहिल्या 10,000 गोळ्यांत 20 पेक्षा जास्त वेळा पिस्तूल अडता कामा नये. हाताने झटक्यात सोडवता येणारा अडथळाही त्यात मोजायचा. 15,000 गोळ्यांनंतर झीज तपासायची आणि मग 5,000 बार (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका) दाबाचे एक जहाल काडतूस उडवून पाहायचे. नेहमीच्या काडतुसाला तिथे कमाल 2,520 बारची मर्यादा होती, म्हणजे जवळजवळ दुप्पट मार. शिवाय दोन मीटरवरून पोलादी पृष्ठभागावर पडले तरी पिस्तूल आपोआप उडता कामा नये.

या अटींना उतरलेले पिस्तूल ज्याने बनवले, त्या गॅस्टन ग्लॉक यांनी तोवर एकही बंदूक बनवलेली नव्हती. व्हिएन्नाजवळच्या डॉयच-वाग्राम गावातला त्यांचा कारखाना पडद्यांच्या दांड्या आणि लष्करासाठी सुऱ्या बनवत असे. 1982 साली ऑस्ट्रियाने त्यांचे ग्लॉक 17 स्वीकारले. आज जगभरच्या पोलिसांच्या कमरेला दिसणारी पिस्तुले बहुतेक एक तर ग्लॉकची असतात, नाही तर त्याच वाटेने गेलेली.

या जातीला स्ट्रायकर-पिस्तूल म्हणतात. आपल्याकडे ईशापूरच्या कारखान्यात बनलेले लष्कराचे 9 मिमी पिस्तूल पाहिलेत, तर मागे बाहेर डोकावणारा घोडा दिसेल. चाप ओढला की घोडा फिरून पिनेवर आदळतो आणि पिन काडतुसाच्या बुडातल्या टोपीवर. स्ट्रायकर पद्धतीत घोडाच नाही. स्प्रिंग लावलेली एक दांडी स्लाइडच्या, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या पोलादी भागाच्या, पोटात सरळ मागे-पुढे होते, बस्स. कल्पना जुनीच, पहिल्या महायुद्धातले जर्मन लुगर याच तत्त्वावर चालायचे. प्लास्टिकची चौकट (मुठीसह खालचा सांगाडा) आणि स्ट्रायकर हा मेळही ग्लॉकच्या आधी 1970 मध्ये हेकलर अँड कॉखच्या व्हीपी70 ने घातला होता. पण ते चालले नाही आणि ग्लॉक चालले. पुढे क्रोएशियाच्या कार्लोव्हात्सचे एचएस2000 (अमेरिकेत ते एक्सडी नावाने विकले जाते), 2005 चे स्मिथ अँड वेसन एम अँड पी, 2014 ची हेकलर अँड कॉख व्हीपी9 आणि सिग पी320, 2017 चे चेक सीझेड पी-10 अशी रांग लागली. भारतात एनएसजी आणि नौदलाच्या मार्कोसकडे ग्लॉक 17 आहे. सामान्य नागरिकाला मात्र हे 9 मिमी काडतूस आपल्या कायद्यात निषिद्ध असल्यामुळे ही पिस्तुले आपल्याला लांबूनच माहीत.

यांतले जास्त टिकाऊ कोणते, हा प्रश्न हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर देण्याआधी एका गोळीत पिस्तुलावर काय गुदरते ते पाहायला हवे. टोपी पेटल्यावर काडतुसात वातावरणाच्या दाबाच्या दोन हजार पटींहून जास्त दाब तयार होतो. आठ ग्रॅमची गोळी सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या आसपास वेगाने पुढे निघते आणि संवेग अक्षय्यतेच्या नियमाने जवळपास अर्धा किलोची स्लाइड व नळी सेकंदाला सहा-सात मीटर वेगाने मागे सरकतात. नळी मध्येच खाली झुकून थांबते. स्लाइड एकटी पुढे जात रिकामे काडतूस बाहेर फेकते, चौकटीला धडकते, स्प्रिंगच्या जोरावर परत येताना नवे काडतूस उचलते आणि नळीत ढकलते. हे सारे सेकंदाच्या दहाव्या भागाच्याही आत संपते.

आता हेच वीस हजार वेळा. जे लोखंड एका मोठ्या घावाने तुटत नाही, तेही छोटे घाव पुन्हापुन्हा खाऊन तुटते, हे एकोणिसाव्या शतकात आगगाड्यांच्या आसांचा अभ्यास करणाऱ्या ऑगुस्ट व्हलर या जर्मन अभियंत्याने दाखवून दिले. धातूच्या या थकव्याची सुरुवात बहुधा एखाद्या कोपऱ्यात, भोकाच्या कडेला किंवा वाकवलेल्या आकड्यापाशी होते, कारण ताण तिथे एकवटतो. म्हणून पिस्तुलात आधी जाते ते भरभक्कम अंग नव्हे. नळी किंवा स्लाइड दुबळी ठरण्याच्या कितीतरी आधी चापाची बारीक स्प्रिंग आकड्यापाशी तुटते, रिकामे काडतूस ओढून काढणाऱ्या आकड्याची कड झिजते आणि स्लाइडला पुढे आणणारी मुख्य स्प्रिंग बसते. ‘बसते’ हा स्प्रिंगवाल्यांचा शब्द अचूक आहे. तुटत नाही, पण दाबून-दाबून तिची लांबी आणि जोर कमी होतो. मग स्लाइड मागे जास्त जोरात आदळते आणि पुढे येताना कमी जोराने येते. एका किरकोळ सुट्या भागाने सगळ्या यंत्राचा ताल बिघडतो.

प्लास्टिकच्या चौकटीबद्दल लोकांना उगाच धास्ती असते. ती नायलॉनच्या जातीची असते आणि स्लाइड ज्यावर घसरते त्या पोलादी पट्ट्या तिच्यात बसवलेल्या असतात. धक्का बसला की ती किंचित लवते आणि पूर्ववत होते. स्लाइड आणि नळीच्या पोलादाला ग्लॉकने नायट्रोजनची प्रक्रिया दिली, त्यामुळे वरचा थर अतिशय कठीण झाला आणि गंजही रोखला गेला. दमट, खाऱ्या हवेत हीच गोष्ट आयुष्य ठरवते. मुंबई-गोव्याच्या किनाऱ्यावर लोखंडी खिडकी सांभाळणाऱ्याला हे वेगळे समजवायला नको.

म्हणजे ‘माझ्या पिस्तुलातून 20,000 गोळ्या गेल्या’ असे कोणी सांगितले, तर मी पहिला प्रश्न विचारीन: मुख्य स्प्रिंग कितीदा बदलली? आणि दुसरा: अडथळा कशाला म्हणता?

दुसऱ्या प्रश्नात सगळे गणित दडलेले आहे. समजा, एखाद्याने 500 गोळ्या उडवल्या आणि एकदाही काही अडले नाही. छान वाटते. पण संख्याशास्त्रात ‘तीनचा नियम’ आहे. सलग n वेळा बिघाड झाला नाही, तर बिघाडाचे प्रमाण 3/n पेक्षा कमी आहे असे आपण 95 टक्के खात्रीने म्हणू शकतो, त्याहून जास्त काही नाही. 500 निर्विघ्न गोळ्यांवरून इतकेच सिद्ध होते की बिघाड दर 167 गोळ्यांमागे एकाहून जास्त नसावा. 2,000 गोळ्यांमागे एक, एवढा भरवसा हवा असेल तर 6,000 गोळ्या एकही अडथळा न येता उडाल्या पाहिजेत. एवढी काडतुसे स्वतःच्या खर्चाने उडवून नोंद ठेवणारे लोक थोडे. हौशी माणसाचा अनुभव खोटा नसतो. त्याचा छेद, म्हणजे उडवलेल्या गोळ्यांची संख्या, लहान असतो.

लष्करे हा खर्च करू शकतात. जानेवारी 2017 मध्ये अमेरिकी लष्कराने सिग पी320 ची लष्करी आवृत्ती निवडली, मोठे एम17 आणि आखूड एम18. अट होती दोन अडथळ्यांमध्ये सरासरी 2,000 गोळ्यांची. हिशेब असा की 96 तासांच्या मोहिमेत पिस्तूल एकदाही न अडण्याची शक्यता 95 टक्के असावी. पेंटॅगॉनच्या चाचणी विभागाने काढलेल्या अहवालात साध्या काडतुसांवर एम17 चा आकडा आला 343, एम18 चा 197. मोहिमेच्या भाषेत 95 ऐवजी 75 आणि 61 टक्के. ऑस्ट्रियाच्या त्या जुन्या अटीचा हिशेब दर 500 गोळ्यांमागे एक असा होता, त्याहूनही हे कमी!

पण इथे घाईने निकाल देऊ नये. यातले बरेच अडथळे एकाच प्रकारचे होते. शेवटची गोळी गेल्यावर स्लाइड मागे अडकून राहायला हवी, ती राहत नव्हती. कारण काही सैनिक पिस्तूल उंच धरायचे आणि त्यांचा अंगठा स्लाइड अडवणाऱ्या खटक्यावर दाबला जायचा. गोळ्या संपलेल्या, शत्रूवर झाडण्यात कसलीच अडचण नाही, तरी मोजदादीत तो अडथळा. हे वगळून मोजले तर आकडे झाले 708 आणि 950. पोकळ टोकाच्या विशेष काडतुसांवर तर याच पिस्तुलांनी कितीतरी बरे काम केले. एकच पिस्तूल, पण हात, काडतूस आणि व्याख्या बदलली की आकडा कित्येक पटींनी हलतो. म्हणून दोन वेगळ्या देशांच्या, वेगळ्या दशकांच्या चाचण्यांचे आकडे शेजारी मांडून केलेली क्रमवारी मला मान्य नाही, माझी वरची ऑस्ट्रियाशी तुलनासुद्धा त्याच मर्यादेत वाचावी.

एकाच नावाखालीही पिस्तूल तेच राहत नाही. 2010 मध्ये ग्लॉकने चौथी पिढी आणली, तिच्यात मुख्य स्प्रिंग एकाऐवजी दुहेरी केली. पुढच्याच वर्षी कंपनीला त्या स्प्रिंगा बदलून देण्याची मोहीम काढावी लागली. तीन दशकांची पुण्याई ग्लॉक या नावाची होती, नव्या स्प्रिंगची नव्हती.

आतापर्यंतचा सगळा विचार एकाच बाजूचा झाला: चाप ओढला की उडायला हवे. शाळेच्या भूमितीत ‘तर आणि तरच’ शिकतो, त्यातला ‘तरच’ अजून राहिला. न ओढता उडणारे पिस्तूल कितीही टिकाऊ असो, माझ्या लेखी ते सगळ्यांत अविश्वासार्ह. अडलेले पिस्तूल निदान ज्याच्या हातात आहे त्याला कळते. नको तेव्हा उडालेले पिस्तूल शेजारच्या माणसाला कळवायला वेळ देत नाही.

2017 च्या उन्हाळ्यात पी320 बाबत हेच पुढे आले. विशिष्ट कोनात, मागची बाजू खाली येईल असे ते पडले तर उडू शकत होते. कारण न्यूटनचा पहिला नियम. पिस्तूल जमिनीवर आदळून थांबते, पण चाप हा स्वतंत्र, वजनदार भाग असल्यामुळे आपल्या जडत्वाने मागे जातच राहतो. कोणीतरी बोट लावून ओढल्यासारखा. ग्लॉकच्या चापाच्या मधोमध एक छोटी पट्टी असते. बोटाने ती दाबली गेल्याशिवाय चाप मागे सरकत नाही आणि ती इतकी हलकी असते की तिचे जडत्व कामाला येत नाही. पी320 च्या चापाला ती नव्हती. सिगने ऑगस्ट 2017 मध्ये जुनी पिस्तुले सुधारून द्यायला सुरुवात केली. उपाय साधा, मूळ भौतिकशास्त्राला धरून: चाप आणि आतले भाग हलके केले. लष्कराच्या पिस्तुलांनाही हलके भाग बसले. ग्लॉकसुद्धा या बाबतीत निर्दोष जन्माला आले नव्हते. अमेरिकी अमली पदार्थविरोधी खात्याने 1991 मध्ये केलेल्या कठोर चाचणीनंतर त्यांनाही आतले सहा भाग बदलून द्यावे लागले होते.

पी320 चा वाद तिथे थांबला नाही. म्यानात असतानाच पिस्तूल उडाले, अशा तक्रारी करत अनेक पोलीस आणि नागरिक कोर्टात गेले. 2024 मध्ये जॉर्जिया आणि फिलाडेल्फिया इथल्या ज्यूरींनी कंपनीविरुद्ध निकाल दिले. चाप ओढल्याशिवाय ते उडत नाही, ही कंपनीची भूमिका कायम आहे. जुलै 2025 मध्ये वायोमिंगच्या हवाई तळावर एम18 ची गोळी लागून एक जवान दगावला, तेव्हा अमेरिकी हवाई दलाच्या त्या कमांडने एम18 वापरातून काढून घेतले. काही आठवड्यांत त्याच प्रकरणात दुसऱ्या जवानाला अटक झाली आणि तपासणीनंतर पिस्तुले परत वापरात आली. एका मृत्यूवरून यंत्राला दोषी किंवा निर्दोष ठरवणे किती अवघड असते, ते यावरून दिसते.

मला या सगळ्यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. ग्लॉक अर्धवट ताणलेले राहते आणि उरलेला ताण चाप ओढताना देते. पी320 मध्ये स्ट्रायकर पूर्ण ताणून तयार असतो आणि त्याला अडवून धरतात ते मिलिमीटरच्या हिशेबातले दोन-तीन पोलादी काठ. ते काठ नवे असताना धारदार असतात. हजारो गोळ्यांनंतर, बसलेल्या स्प्रिंगांसह, धूळ-तेलाच्या किटणासह ते कसे धरून ठेवतात, हा टिकाऊपणाचाच प्रश्न आहे. म्हणून पडण्याची चाचणी कोऱ्या पिस्तुलावर करून भागत नाही. आधी त्यातून 20,000 गोळ्या जाऊ द्याव्यात, मग तेच पिस्तूल, न उघडता, न पुसता, दोन मीटरवरून मागच्या बाजूवर सोडावे.