विमान 'रिलीज' करणारी सही

बारावीचा निकाल लागला की 'एएमई म्हणजे नेमकं काय?' हा प्रश्न अनेक घरांत विचारला जातो. नाव 'एअरक्राफ्ट मेन्टेनन्स इंजिनिअर', मग ही इंजिनिअरिंगची पदवी आहे का? असेल तर कोर्स करून बाहेर पडलेला मुलगा हँगरमध्ये, म्हणजे विमान दुरुस्तीच्या शेडमध्ये, 'टेक्निशियन' म्हणून का लागतो? पालकांचा गोंधळ रास्त आहे. या पेशात पदवीपेक्षा लायसन्सला मान आहे. लायसन्स म्हणजे दुरुस्तीनंतर विमान उडायला योग्य आहे असं लिहून त्याखाली सही करण्याचा अधिकार. पाना टेक्निशियनच्या हातात असतो, विमान सोडणारी सही लायसन्सधारकाची असते. हात आणि सही वेगळे कसे झाले, याला शंभर वर्षांहून मोठा इतिहास आहे.

सुरुवातीला हे दोन्ही एकच होतं, किंबहुना सहीचा प्रश्नच नव्हता. ओहायोतल्या डेटन गावी राइट बंधूंच्या सायकलच्या दुकानात चार्ली टेलर नावाचा मेकॅनिक 1901 मध्ये कामाला लागला. विमानाला पुरेसं हलकं इंजिन कुठली मोटार कंपनी देईना, तेव्हा टेलरने ते सहा आठवड्यांत दुकानातच बनवलं. क्रँकशाफ्ट पोलादाच्या ठोकळ्यातून कोरून काढला, क्रँककेस ॲल्युमिनियमची ओतून घेतली. साधारण 12 अश्वशक्तीचं ते इंजिन 17 डिसेंबर 1903 ला उडालं. राइट बंधूंची नावं शाळेतल्या पोरांनाही पाठ आहेत. टेलरचे शेवटचे दिवस मात्र हलाखीत गेले आणि 1956 मध्ये तो वारला. त्याचा जन्मदिवस, 24 मे, अमेरिकेत आता विमान देखभाल तंत्रज्ञांचा दिवस म्हणून पाळतात. उशिरा का होईना, ही दखल घेतली गेली हे बरं झालं.

पहिल्या महायुद्धानंतर विमानात पैसे देणारे प्रवासी बसू लागले आणि सरकारं जागी झाली. 1919 च्या पॅरिस करारानंतर विमानाला योग्यतेचं आणि वैमानिकाला पात्रतेचं प्रमाणपत्र लागू लागलं. ब्रिटनमध्ये जमिनीवरच्या माणसालाही परवाना देण्याची पद्धत रुळली. त्याला 'ग्राउंड इंजिनिअर' म्हणत. परवान्याचे वर्ग अक्षरांनी ओळखले जात: ए म्हणजे उड्डाणाआधीची विमानाच्या सांगाड्याची तपासणी, सी म्हणजे इंजिनाची, बी आणि डी या दोन्हींच्या ओव्हरहॉलसाठी, म्हणजे पूर्ण उघडून केलेल्या दुरुस्तीसाठी, आणि एक्स खास कामांसाठी. 1930 मध्ये इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला एकटी उडत गेलेली एमी जॉन्सन वैमानिक म्हणून प्रसिद्ध आहे. पण त्याआधी, 1929 मध्ये, तिने सी वर्गाचा ग्राउंड इंजिनिअरचा परवाना मिळवला होता. कराची, झाशी, कलकत्ता करत ती रंगूनपर्यंत आली, तिथे उतरताना विमान खड्ड्यात जाऊन मोडलं, आणि ते पुन्हा उभं करताना तिला ही विद्या कामी आली.

हीच अक्षरं आपल्याकडे आली. 1934 चा विमान कायदा आणि त्याखालचे 1937 चे विमान नियम यांनी भारतात परवान्याची चौकट बसवली. त्यातला नियम 61 एएमईच्या लायसन्सचा, आणि आजही जुने लोक त्याच्या आकड्यानेच त्याचा उल्लेख करतात. काम मात्र कायद्याच्या आधीच सुरू झालं होतं. 15 ऑक्टोबर 1932 ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, ते पस मॉथ विमानातून. त्या वेळी टाटांच्या विमान कंपनीचा तांत्रिक विभाग केवढा? एक अर्धवेळ इंजिनिअर आणि दोन शिकाऊ मेकॅनिक. डोक्यावर झापांचं छप्पर. पस मॉथचे पंख लाकडाचे आणि वरून कापड ताणलेलं. त्या कापडाला 'डोप' नावाचं रोगण चढवायचं, म्हणजे ते ताठ बसतं आणि पाणी आत शिरत नाही. मुंबईच्या दमट हवेत लाकूड, सरस आणि कापड सांभाळणं म्हणजे काय, हे कोकणात घर असलेल्यांना वेगळं सांगायला नको. पावसाळ्यात जुहूच्या मैदानाचं चिखलाचं तळं व्हायचं, तेव्हा सगळा पसारा पुण्याला येरवड्याकडे हलवावा लागे.

या पेशाला भारतात संख्याबळ मिळालं ते दुसऱ्या महायुद्धात, आणि त्यामागे सोलापूरचा एक माणूस होता. वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर 1940 मध्ये बंगलोरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी काढली ती विमानं बनवण्यासाठी. पण जपानी फौजा ब्रह्मदेशापर्यंत आल्यावर गरज बदलली: नवी विमानं बांधण्यापेक्षा मोडलेली उभी करायची होती. 1943 मध्ये कारखाना अमेरिकी हवाई दलाच्या देखरेखीखाली गेला आणि दुरुस्तीचा मोठा डेपो बनला. डाकोटा, लिबरेटर, कॅटालिना अशी विमानं तिथे ओव्हरहॉलला येत. टास्क कार्डाप्रमाणे काम करणं, प्रत्येक भागाची नोंद ठेवणं, तपासनीस वेगळा असणं ही शिस्त हजारो भारतीय हातांना तिथे लागली. युद्ध संपल्यावर स्वस्तात विकायला निघालेल्या डाकोटांवर नव्या विमान कंपन्या उभ्या राहिल्या, त्यांना हे तयार मनुष्यबळ मिळालं. आपल्याकडे वालचंदांचं नाव जहाजं आणि साखरेशी जोडलं जातं. विमान दुरुस्तीच्या पेशावरचं त्यांचं ऋण फारसं कोणी बोलून दाखवत नाही.

8 जून 1948 ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' हे कॉन्स्टेलेशन मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला गेलं. या विमानाला चार पिस्टन इंजिनं, प्रत्येकात 18 सिलिंडर, प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग. म्हणजे एका विमानात 144 प्लग! काढा, साफ करा, गॅप तपासा, परत बसवा. सांताक्रूझच्या हँगरमधल्या एका पिढीचं अर्धं आयुष्य अशा कामांत गेलं. 1960 मध्ये बोइंग 707 आलं आणि 1962 मध्ये एअर इंडियाचा सगळा ताफा जेट झाला. जेट इंजिनात हलणारे भाग कमी, पण तापमान आणि वेग अफाट. कान लावून इंजिनाचा बिघाड ओळखणाऱ्या मेकॅनिकला आता गेजवरचे आकडे वाचायला शिकावं लागलं.

त्यानंतरचा बदल दिसायला किरकोळ, पण मुळापासूनचा होता. ठरावीक तास झाले की भाग उघडायचा, अशी जुनी रीत होती. युनायटेड एअरलाइन्सच्या अभ्यासकांनी 1978 मध्ये दाखवून दिलं की विमानाच्या बहुतेक भागांच्या बिघाडाचा त्यांच्या वयाशी संबंधच नसतो. वयाची मर्यादा घालून उपयोग होईल असे भाग जेमतेम 11 टक्के. उलट धडधाकट भाग उगाच उघडला तर बसवताना चूक व्हायची शक्यता वाढते. तेव्हापासून टेक्निशियनच्या कामात उघडण्यापेक्षा बघणं वाढलं. बोरोस्कोपची बारीक नळी इंजिनात घालायची आणि ब्लेडच्या कडेवरची नखाएवढी खोक शोधायची. ती मोजायची, मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून बघायची, आणि मगच ठरवायचं की इंजिन चालवायचं की उतरवायचं.

आणि मग बर्मिंगहॅमची घटना घडली. हँगरमध्ये शिकवताना आजही हिचा दाखला देतात. 10 जून 1990 ला मालागाला निघालेलं ब्रिटिश एअरवेजचं वन-इलेव्हन विमान 17,000 फुटांवर गेलं असताना कॅप्टनसमोरची काच निखळून उडाली. कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. केबिन क्रूने त्याचे पाय घट्ट धरून ठेवले आणि को-पायलटने विमान साउथॅम्प्टनला उतरवलं. कॅप्टन वाचला.

ती काच 27 तास आधी, रात्रपाळीत बदलली होती. माणसं कमी होती, म्हणून शिफ्टच्या प्रमुखाने स्वतःच काम हाती घेतलं. काढलेले बोल्ट झिजलेले दिसले तेव्हा नवे घालायचं त्याने ठरवलं; हेतू चांगलाच होता. कॅटलॉगमध्ये बघण्याऐवजी जुना बोल्ट हातात घेऊन तो स्टोअरमध्ये गेला. तिथे हवे तेवढे मिळाले नाहीत, म्हणून विमानतळाच्या दुसऱ्या टोकाच्या स्टोअरमध्ये गेला. तिथे कोणी नव्हतं, उजेड अंधूक होता, आणि वाचायचा चष्मा त्याने लावलेला नव्हता. जुना बोल्ट नव्याशेजारी धरून नजरेने जुळवला. 90 पैकी 84 बोल्ट एक माप बारीक गेले. फरक पाऊण मिलिमीटरहूनही कमी. टॉर्क लावताना, म्हणजे ठरलेल्या जोराने पिळताना, बोल्ट आवळला गेल्यासारखा वाटत होता, प्रत्यक्षात आटे घसरत होते. ते काम दुसऱ्या कोणी तपासावं असा नियम नव्हता. त्यानेच केलं, त्यानेच पाहिलं, त्यानेच सही केली. काढलेल्या जुन्या बोल्टांपैकीही बहुतेक योग्य मापाचे नव्हते, पण ते फक्त आखूड होते. तरी त्यांनी चार वर्षं काच धरून ठेवली होती.

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त हलवून जातं ते हे, की माणूस आळशी नव्हता. मेहनती होता, अनुभवी होता, काम वेळेत व्हावं म्हणून झटत होता. म्हणून 'कोणाची चूक' विचारून हा पेशा थांबू शकत नाही, 'चूक होऊ देणारी परिस्थिती कोणती' हेही विचारावं लागतं. 1993 मध्ये कॅनडात गॉर्डन ड्युपॉन्ट यांनी देखभालीतल्या चुकांमागची बारा कारणं मांडली. थकवा, घाई, लक्ष विचलित होणं, सांगायचं राहून जाणं, 'नेहमी असंच करतो' ही सवय अशी ती कारणं आहेत. आज भारतातल्या लायसन्स परीक्षेत मॉड्यूल 9 हे पूर्णच्या पूर्ण मानवी घटकांवर आहे. मुलं त्याला सोपा पेपर समजून उरकतात, याचं वाईट वाटतं. महत्त्वाच्या कामांवर दुसऱ्या माणसाची स्वतंत्र तपासणी आणि तिची वेगळी सही, हेही अशा घटनांनीच शिकवलं.

भारतात ए, बी, सी, डी, एक्स ही ब्रिटिश अक्षरं गेल्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत टिकली. मग नागरी विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीए या सरकारी संस्थेने युरोपच्या धर्तीवरची सीएआर-66 ही चौकट आणली. अक्षरं जुन्यासारखी दिसली तरी अर्थ बदलले. ए म्हणजे लाइनवरची, म्हणजे दोन उड्डाणांच्या मधली, मर्यादित कामं, बी-1 यांत्रिकी आणि इंजिन, बी-2 एव्हिऑनिक्स म्हणजे विमानातली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, सी म्हणजे हँगरमधल्या मोठ्या तपासणीनंतर अख्खं विमान सोडण्याचा अधिकार. जुन्या लायसन्सवाल्यांना नव्या वर्गात बसवताना बरीच उलथापालथ झाली. नुसत्या एका अक्षरासाठी पन्नाशीतल्या माणसांनी पुन्हा पुस्तकं उघडली.

आजची वाट या इतिहासातूनच आखली गेली आहे. बारावी विज्ञान झाल्यावर डीजीसीएच्या सीएआर-147 या नियमांखाली मान्यता असलेल्या संस्थेत पायाभूत कोर्स, मॉड्यूलचे पेपर, आणि चालू विमानांवरचा प्रत्यक्ष अनुभव. तो लॉगबुकात कामानिशी लिहायचा आणि त्याखाली लायसन्सधारकाची सही घ्यायची. मग लायसन्स मिळतं, पण तेवढ्याने भागत नाही: एअरबस ए-320 किंवा बोइंग 737 अशा विशिष्ट विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या विमानापुरती वेगळी पात्रता, हवी, आणि त्यावर कंपनीचं अधिकृत पत्र. मधली काही वर्षं मुलगा टेक्निशियनच असतो. रात्री दोनला एप्रनवर, म्हणजे विमानं उभी करतात त्या जागी, टॉर्च घेऊन चाकांच्या खोबणीत वाकायचं, लॉकवायर पिळताना तार अशी घालायची की बोल्ट सैल व्हायला निघाला तर तारेने त्याला आवळण्याच्याच दिशेला ओढावं. शिफ्ट संपताना टूलबॉक्स उघडायचा. फोममध्ये प्रत्येक पान्याच्या आकाराची खाच असते, एकही खाच रिकामी दिसली तर विमान हलत नाही. आयटीआय किंवा डिप्लोमा करून आलेले कितीतरी जण आयुष्यभर याच पायरीवर राहतात, आणि त्यांच्या हाताच्या कामावर लायसन्सवाल्याची सही उभी असते. पगाराच्या चर्चेत त्यांचा विचार शेवटी होतो, हे मला पटत नाही.

नोकरीची हमी कधीच नव्हती. 1994 मध्ये सरकारी मक्तेदारी कायद्याने संपली, खासगी कंपन्या वाढल्या, आखाताची दारं उघडली. 2012 मध्ये किंगफिशर बंद पडली त्याआधी पगार थकल्यामुळे तिच्या इंजिनिअरांनी काम थांबवलं होतं. 2019 मध्ये जेट एअरवेज बंद झाली तेव्हा मुंबईतल्या कितीतरी घरांना झळ बसली. लायसन्स हातात असलेले त्यातल्या त्यात लवकर सावरले.

महाराष्ट्रात मुंबईबाहेर या कामाची दोन मोठी ठिकाणं आहेत. नाशिकजवळ ओझरला एचएएलचा (हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा) कारखाना 1964 मध्ये मिग विमानांसाठी उभा राहिला, पण लष्करी विमानांवरचा अनुभव म्हणजे आपोआप नागरी लायसन्स नव्हे. दुसरं ठिकाण नागपूरचं मिहान. एअर इंडियाने बोइंगकडून विमानं घेतली त्या व्यवहारात बोइंगने तिथे देखभाल केंद्र बांधून दिलं, ते 2015 मध्ये सुरू झालं. 2022 मध्ये एअर इंडिया टाटांकडे परत गेली, तेव्हा देखभाल करणारी कंपनी मात्र सरकारकडेच राहिली. 2020 मध्ये विमान दुरुस्तीवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला. त्याआधी मोठ्या तपासणीसाठी विमानं सिंगापूर, श्रीलंका, आखाताकडे पाठवणं कंपन्यांना परवडायचं. आता ती इथेच करण्याचा हिशेब जमू लागला. 1 जानेवारी 2025 पासून 1934 च्या कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला आहे.

ए वर्गाच्या लायसन्सवर मात्र एक अट आहे: ते घेणाऱ्याला फक्त स्वतःच्या हाताने केलेल्या कामावरच सही करता येते.