अप्रकट उष्मा

अप्रकट उष्मा : पदार्थाची अवस्था बदलत असताना तो शोषून घेतो किंवा बाहेर टाकतो ती उष्णता. हिला सुप्त उष्णता असेही म्हणतात. या काळात तापमापीचा पारा जागचा हलत नाही, म्हणून ती ‘अप्रकट’. 0° से. तापमानाच्या 1 किग्रॅ. बर्फाचे 0° से. चेच पाणी व्हायला सुमारे 334 किलोज्यूल लागतात. तेवढ्याच उष्णतेत ते पाणी पुढे जवळजवळ 80° से. पर्यंत तापले असते. 100° से. च्या पाण्याची वाफ करायला किलोमागे 2,256 किलोज्यूल लागतात. जुन्या पाठ्यपुस्तकांतले ग्रॅममागे 80 आणि 540 कॅलरी हे आकडे तेच.

तापमान हे रेणूंच्या सरासरी गतिज ऊर्जेचे, म्हणजे हालचालीमुळे असलेल्या ऊर्जेचे, माप आहे. वितळताना आणि उकळताना मिळालेली ऊर्जा रेणूंची गती वाढवण्यात जात नाही, ती त्यांच्यातली ओढ मोडण्यात खर्च होते. उकळताना थोडा वाटा भोवतालची हवा मागे रेटण्यातही जातो, कारण 1 ग्रॅम पाण्याची सुमारे 1.7 लिटर वाफ होते. भाताच्या उघड्या पातेल्यात पाणी खळखळू लागले की आच मोठी करून भात लवकर शिजत नाही. पाणी लवकर आटते आणि गॅस वाया जातो. वाफेचा चटका उकळत्या पाण्याहून भयंकर असतो तोही यामुळेच : 1 ग्रॅम उकळते पाणी त्वचेच्या तापमानाला येईपर्यंत सुमारे 0.26 किलोज्यूल देते, तर 1 ग्रॅम वाफ सुमारे 2.5.

ही कल्पना ग्लासगो विद्यापीठातील जोसेफ ब्लॅक यांनी 1762 च्या सुमारास मांडली. सुमारे 47° फॅरनहाइट (फॅ.; सुमारे 8° से.) तापमानाच्या दालनात त्यांनी दोन सारखे काचगोल टांगले. एकात गोठणबिंदूच्या किंचित वरचे पाणी होते, दुसऱ्यात तेवढाच बर्फ. पाणी अर्ध्या तासात 40° फॅ. वर पोहोचले, बर्फाला वितळून तिथवर यायला साडेदहा तास लागले, म्हणजे एकवीसपट वेळ. त्यावरून त्यांनी काढलेली बर्फाच्या अप्रकट उष्म्याची किंमत आजच्या किमतीच्या आश्चर्य वाटावे इतकी जवळ आहे. त्याच विद्यापीठात उपकरणे दुरुस्त करणाऱ्या जेम्स वॉटला थोडीशी वाफ आपल्या वजनाच्या सहापट पाणी उकळीला आणते हे स्वतःच्या प्रयोगात दिसले; त्याचे कारण त्याला ब्लॅक यांच्याकडून कळले.

प्रयोगशाळेत बर्फाची अप्रकट उष्मा मिश्रण पद्धतीने, म्हणजे कोमट पाण्यात बर्फ मिसळून ते किती निवते त्यावरून, काढतात. खोलीचे तापमान 27° से. असेल, तर कॅलरीमापीत (उष्णता मोजण्याच्या भांड्यात) 37° से. चे 150 ग्रॅम पाणी घ्यावे आणि सुमारे 30 ग्रॅम बर्फ थोडाथोडा टाकून ढवळत राहावे. शेवटचे तापमान 17-18° च्या आसपास येते. सुरुवात खोलीच्या जितकी वर, शेवट तितकाच खाली, त्यामुळे भोवतालाशी झालेली देवाणघेवाण बरीचशी फिटते. बर्फाचे वजन आधी करायचे नाही. शेवटी कॅलरीमापी पुन्हा तोलून वाढलेले वजन घ्यायचे.

उत्तर चुकते ते बहुधा बर्फामुळे. ओला बर्फ टाकला, तर त्याच्याबरोबर आलेले पाणी आधीच वितळलेले असते. 30 ग्रॅममध्ये 2 ग्रॅम पाणी असले की उत्तर सहा-सात टक्क्यांनी कमी येते. म्हणून प्रत्येक तुकडा टिपकागदाने कोरडा करून लगेच टाकावा. फ्रीजरमधून थेट काढलेला बर्फ मात्र −18° से. च्या आसपास असतो. तो आधी 0° पर्यंत तापण्यात किलोमागे सुमारे 38 किलोज्यूल खातो आणि उत्तर फुगते. बर्फ पृष्ठभागावर पाझरू लागेपर्यंत बाहेर ठेवावा, मग टिपावा. तिसरी चूक पावसाळ्यातली, आणि ती सहसा कोणी सांगत नाही. जुलैत मुंबईचा दवबिंदू, म्हणजे हवेतल्या बाष्पाचे दव होऊ लागते ते तापमान, 24-25° से. असतो, त्यामुळे 18° च्या भांड्यावर बाहेरून दव धरते. 1 ग्रॅम दव साचताना सुटणारी उष्णता 7 ग्रॅम बर्फ वितळवायला पुरेशी असते. भांडे पुसले तरी ती आत गेलेलीच असते. हा प्रयोग हिवाळ्यात करावा.

माठातले पाणी गार होते ते याच्या उलट बाजूने. 30° से. ला 1 ग्रॅम पाणी बाष्प होताना सुमारे 2.4 किलोज्यूल ओढून घेते. 10 लिटरच्या माठातून 100 ग्रॅम पाणी पाझरून उडाले आणि सगळी उष्णता आतल्या पाण्यातूनच गेली, तर ते पाणी जास्तीत जास्त 6° ने उतरेल. प्रत्यक्षात काही उष्णता हवेतूनही येते. गारव्याची सीमा ओल्या कापडात गुंडाळलेल्या तापमापीने दाखवलेले तापमान ठरवते : विदर्भातल्या मे महिन्यात 42° से. आणि 15 टक्के आर्द्रतेला ते 22°, कोकणात 33° आणि 70 टक्क्यांना 28°. नागपूरला कूलर चालतो आणि रत्नागिरीला नुसती दमट हवा फेकतो, ते यामुळे. माठाला बाहेरून ऑइलपेंट दिला किंवा जड पाण्याचे क्षार बसून छिद्रे बुजली, तर पाणी झिरपत नाही आणि गारही होत नाही.

वातानुकूलन यंत्राचा ‘टन’ याच उष्म्यातून आला आहे. 1 टन म्हणजे 24 तासांत 2,000 पौंड (907 किग्रॅ.) बर्फ वितळवण्याइतकी उष्णता खेचण्याची क्षमता, सुमारे 3.5 किलोवॅट. दीड टनाचे यंत्र पूर्ण क्षमतेने दिवसभर चालले, तर 1,360 किलो बर्फाचे काम करते. पावसाळ्यात त्यातला बराच भाग हवेतल्या बाष्पाचे पाणी करण्यात जातो. नळीतून टपकणारे पाणी ते हेच.