स्कॉटिश रेजिमेंटांचे युद्धकालीन कापडी बिल्ले : संग्रह व पारख

दुसऱ्या महायुद्धात (१९३९–४५) ब्रिटिश सैन्यातील स्कॉटिश पलटणी बाहीवर कापडी बिल्ले शिवत. त्यांत रेजिमेंटच्या नावाच्या पट्ट्या, डिव्हिजनची चिन्हे आणि टार्टनचे (रंगीत चौकड्यांच्या स्कॉटिश कापडाचे) तुकडे असे प्रकार येतात. ५१ व्या हायलँड डिव्हिजनची निळ्यावरची लाल 'एचडी' अक्षरे किंवा ५२ व्या लोलँड डिव्हिजनच्या निळ्या ढालीवरचा सेंट अँड्र्यूचा पांढरा तिरपा क्रूस चटकन ओळखू येतो.

टार्टनचे तसे नाही. युद्धाच्या सुरुवातीच्या काळात रणांगणावरून किल्ट (टार्टनचा चुणीदार घागरा) मागे पडला, सर्वांच्या अंगावर एकसारखा खाकी बॅटलड्रेस आला आणि पलटणीची ओळख जपण्यासाठी बाहीवर टार्टनचा तुकडा लावला जाऊ लागला. गॉर्डन हायलँडर्सच्या टार्टनमध्ये गडद निळ्या-हिरव्या चौकड्यांतून पिवळी रेघ जाते. मॅकेन्झी टार्टन मात्र सीफोर्थ हायलँडर्स आणि हायलँड लाइट इन्फंट्री या दोघांचेही. त्यामुळे नुसत्या कापडावरून पलटण ठरवता येत नाही. शिवाय जुन्या किल्टचा तुकडा कापून 'युद्धातला' म्हणून खपवणे फार सोपे. टार्टनच्या सुट्या तुकड्याला मोठी किंमत मोजू नये.

खरे-खोटे आधी बिल्ल्याच्या पाठीवरून पाहावे. वापरलेल्या बिल्ल्याची पुढची बाजू उन्हाने आणि धुण्याने विटते, पण दुमडलेल्या कडेच्या आत मूळ गडद रंग टिकून असतो. शिवणीच्या भोकांत कधी खाकी धाग्याचे तंतूही अडकलेले सापडतात. पाठीवरही चहाच्या पाण्यासारखा एकसारखा पिवळेपणा दिसला, तर शंका घ्यावी. अतिनील दिव्याखाली धागा निळसर-पांढरा चमकला, तर तो बहुधा युद्धानंतरचा. पण नंतरच्या काळातल्या साबण-पावडरीने धुतलेला अस्सल बिल्लाही चमकतो, आणि जुन्या कापडावर केलेली नक्कल चमकत नाही. दिव्याचा कौल अंतिम धरू नये. कशिद्याऐवजी सुती कापडावर छापलेले बिल्लेही अस्सल असतात; युद्धातल्या काटकसरीमुळे ते आले. नवखे लोक ते नक्कल समजून टाकून देतात, हे मोठे नुकसान आहे.

इजिप्त, इटली, भारत अशा ठिकाणी स्थानिक कारागिरांनीही बिल्ले शिवले. रॉयल स्कॉट्स आणि कॅमेरॉन हायलँडर्सच्या पहिल्या बटालियन ज्या ब्रिटिश दुसऱ्या डिव्हिजनमध्ये होत्या, ती १९४४ मध्ये कोहिमाला लढण्यापूर्वी अहमदनगर परिसरात होती. तिचे चिन्ह काळ्यावर पांढऱ्या, एकमेकींवर तिरप्या ठेवलेल्या दोन किल्ल्या. अशा भारतीय बनावटीत टाके ओबडधोबड, अक्षरे लहानमोठी आणि कापड जाडेभरडे असू शकते. तेवढ्यावरून बिल्ला खोटा ठरत नाही; मात्र त्याच्यासोबत तो वापरणाऱ्या सैनिकाचे पे-बुक (पगाराची नोंदवही) किंवा बिल्ला दिसणारे छायाचित्र असेल, तर ओळख भक्कम होते. बाहीसकट मिळालेला बिल्ला कधीही उसवू नये, कारण त्याची मूळ शिवण हाच पुरावा असतो.