ट्रॉम्सो ते लाँगयरब्येन : पावणेदोन तासांच्या मागे

उत्तर नॉर्वेतलं ट्रॉम्सो आणि स्वालबार्ड बेटांवरचं लाँगयरब्येन यांच्यातलं हवाई अंतर साधारण ९६० किलोमीटर. विमानाला दीड-पावणेदोन तास लागतात. खाली सगळा समुद्र, अधेमधे म्हणावं तर ब्योर्नोया हे एकच एकाकी बेट.

याच वाटेवर १८ जून १९२८ रोजी नॉर्वेचा ध्रुवसंशोधक रोआल्ड आमुंडसेन निघाला होता. इटलीच्या उम्बेर्तो नोबिलेचं 'इटालिया' हे हवाई जहाज उत्तर ध्रुवाहून परतताना बर्फावर कोसळलं होतं. दोघांचं पूर्वीच बिनसलेलं, तरी त्याच्या शोधासाठी आमुंडसेन 'लाथाम' या फ्रेंच समुद्री विमानात बसला. ट्रॉम्सोहून उडालेलं ते विमान आणि त्यातली सहा माणसं पुन्हा दिसली नाहीत. ऑगस्टअखेर ट्रॉम्सोच्या उत्तरेच्या किनाऱ्यालगत विमानाचा एक तरंडा (पाण्यावर विमानाला तोलून धरणारा भाग) सापडला. पुढे इंधनाची एक टाकीही मिळाली. तिच्या भोकात लाकडी बूच ठोकलेलं होतं. तुटलेल्या तरंड्याच्या जागी ती टाकी लावून तरंगत राहायची धडपड झाली असावी, असा तर्क त्यावरून निघाला. ते लाकडी बूच मला या साऱ्या इतिहासात सर्वांत जिव्हारी लागतं.

लाँगयरब्येन हे कोळशाच्या खाणींचं गाव. समुद्र गोठला की जहाजं बंद, आणि वसंतापर्यंत गाव जगापासून तुटलेलं. टपाल विमानातून खाली टाकलं जाई. १९५९ मध्ये आडव्हेंटडालेन खोऱ्यातल्या गोठलेल्या जमिनीवर विमानं उतरू लागली, पण ती सोय थंडीपुरतीच. बर्फ वितळला की धावपट्टीही गेली.

कायमचा विमानतळ लांबला तो राजकारणापायी. १९२० च्या करारानं स्वालबार्ड नॉर्वेचं झालं, पण तिथे लष्करी तळ उभारायला बंदी घातली गेली. (ब्रिटिश अमलातल्या हिंदुस्थानच्या वतीनंही त्या करारावर सही झाली होती.) शीतयुद्धात सोव्हिएत संघाला धास्ती होती की ही धावपट्टी उद्या नाटोच्या कामी येईल. अखेर एरोफ्लोत या सोव्हिएत विमान कंपनीलाही तिथे वावर मिळेल असं ठरलं, काम सुरू झालं आणि सप्टेंबर १९७५ मध्ये राजे ओलाव्ह पाचवे यांच्या हस्ते विमानतळाचं उद्घाटन झालं. धावपट्टीखालची जमीन मात्र बारमाही गोठलेली. उन्हाळ्यात वरचा थर सैल होतो, धावपट्टी उंचसखल होते आणि डागडुजी काही संपत नाही.

विमानतळ झाला म्हणून धोका सरला असं नाही. २९ ऑगस्ट १९९६ रोजी मॉस्कोहून येणारं रशियन विमान उतरण्याच्या बेतात असताना जवळच्या ओपेराफ्येलेट डोंगरावर आदळलं आणि १४१ जण गेले. बहुतेक सगळे तिथल्या रशियन खाणींतले कामगार आणि त्यांचे कुटुंबीय.

आज याच विमानतळावरून भारतीय शास्त्रज्ञही पुढे जातात. २००८ मध्ये स्वालबार्डवरच्याच न्यू-ऑलेसुंडला भारताचं 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र सुरू झालं. त्याचा कारभार गोव्यात वास्कोमधल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राकडे आहे. लाँगयरब्येनहून छोट्या विमानानं तिथे पोचायला जेमतेम पंचवीस मिनिटं लागतात. पूर्वी या मोहिमा उन्हाळ्यातच होत. डिसेंबर २०२३ मध्ये मात्र हिवाळी मोहिमेची पहिली तुकडी निघाली आणि चोवीस तास काळोख असणाऱ्या दिवसांत 'हिमाद्री'त कामाला लागली. साठ-सत्तर वर्षांपूर्वी त्याच महिन्यात लाँगयरब्येनची माणसं पुढच्या जहाजासाठी वसंताची वाट बघत बसलेली असत.